प्लिमथचा दगड बघून बाबा म्हणाले, "एवढासाच?" (अमेरिकेतल्या वसाहती, धर्म आणि भागधारक)

कृष्णाकाठ

आईबाबा सध्या सांगलीहून आलेत सहा महिन्यांसाठी. बॉस्टनजवळ राहणारा प्रत्येक मराठी माणूस आल्यागेल्या पाहुण्यांना ज्या चार ठिकाणी फिरवून आणतो त्यातलं एक प्लिमथ, तर आम्हीही गेलो. समुद्राकाठी खांबांचा मोठा मंडप, आत कठड्यावरून वाकून खाली बघायचं, खाली वाळूत एक दगड आणि त्यावर १६२० कोरलेलं. बाबा वाकले, बघितलं, म्हणाले, "एवढासाच?" आई म्हणाली, "शाळिग्राम ठेवावा तसा ठेवलाय की."

घरी येऊन वाचलं तर १६२० मध्ये इथे उतरलेल्या त्या पहिल्या इंग्रज मंडळींनी लिहून ठेवलेल्या हकिगतीत ह्या दगडाचा उल्लेखच नाहीये. १७४१ मध्ये, म्हणजे १२० वर्षांनी, नव्वदी ओलांडलेल्या एका आजोबांनी गावकऱ्यांना सांगितलं की आमचे वडीलधारे सांगायचे, पाय ह्याच दगडावर ठेवला. झालं, तेव्हापासून दगड पूज्य.

पण धागा दगडावर नाही. येताना गाडीत मी आपलं शाळेत मुलांना शिकवतात ते सांगत होते, की ही माणसं धर्मस्वातंत्र्यासाठी आली, राजाच्या चर्चला कंटाळली होती वगैरे. बाबांनी साखर कारखान्याच्या अकाउंट्समध्ये ३४ वर्षं काढलीत. सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते ठीक आहे. पण जहाजाचं भाडं कुणी भरलं?"

मला येत नव्हतं. मग महिनाभर लायब्ररीतून पुस्तकं आणून वाचतेय आणि आता डोक्यात इतकं साचलंय की कुठेतरी ओतलं पाहिजे, म्हणून इथे.

तर भाडं भरलं लंडनच्या व्यापाऱ्यांनी. एक शेअर १० पौंडांचा, वसाहतीत जाणाऱ्या १६ वर्षांवरच्या प्रत्येक माणसाच्या नावे एक शेअर, सात वर्षं सगळ्यांनी मिळून राबायचं, कमाई सामायिक खात्यात, सात वर्षांनी वाटणी. मेफ्लॉवर ह्या त्यांच्या जहाजावर १०२ प्रवासी होते, त्यातले जेमतेम निम्मे ह्या धर्मवाल्या मंडळींपैकी, बाकीचे कामासाठी घेतलेले. पहिल्या हिवाळ्यातच निम्मे लोक गेले. १६२१ मध्ये फॉर्च्यून नावाच्या जहाजातून बीव्हरची कातडी आणि लाकूड असा पहिला माल लंडनला रवाना केला तर तो वाटेत फ्रेंचांनी लुटला (बाबा: "विमा नव्हता ना? बघ."). शेवटी १६२६-२७ च्या सुमारास गावातल्या काही जणांनी अंगावर घेऊन १८०० पौंडांना व्यापाऱ्यांचे हक्क विकत घेतले आणि ते कर्ज फेडता फेडता १६४० चं दशक उजाडलं.

खरी गंमत त्याच्या पुढची आहे. बॉस्टन वसवणारी मॅसॅच्युसेट्स बे कंपनी. तिला १६२९ मध्ये राजा पहिल्या चार्ल्सकडून सनद मिळाली. अशा सनदेत कंपनीची सभा कुठे भरायची ते लिहिलेलं असायचं, ह्या सनदेत ते कलमच नव्हतं, मुद्दाम गाळलं की राहून गेलं ह्यावर अजून वाद चालतो. मग ज्यांना जायचं होतं त्या भागधारकांनी न जाणाऱ्यांकडून कारभार हातात घेतला आणि १६३० मध्ये त्यांनी निवडलेला प्रमुख जॉन विन्थ्रॉप सनदेचा कागदच बरोबर घेऊन जहाजात बसला. राजाला सनद परत मागवायची तर ती आता समुद्रापलीकडे!

हे ऐकल्यावर बाबा अक्षरशः टाळी देऊन हसले. "म्हणजे रजिस्टर्ड ऑफिसच उचलून नेलं!"

आणि तसंच झालं. कंपनीचा चेअरमन तो गव्हर्नर झाला, संचालक ते त्याचे असिस्टंट, सभासद म्हणजे फ्रीमन ते मतदार आणि वार्षिक सर्वसाधारण सभा झाली विधानसभा. आजही मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाचं अधिकृत नाव जनरल कोर्ट आहे, म्हणजे कंपनीच्या सर्वसाधारण सभेचं नाव. बॉस्टनच्या त्या सोनेरी घुमटाखाली बसतात ते कागदोपत्री एका बंद पडलेल्या कंपनीचे भागधारक असं बाबांचं मत झालंय आणि मला ते खोडता येत नाहीये.

म्हणजे माझं म्हणणं असं की लोकशाही, लिखित घटना, निवडणूक हे जे आपण 'विचार' म्हणून वाचतो त्याचा बराच भाग एजीएमच्या सवयीतून आला. चूक असेल तर झोडपा.

भटक्या_०७

मस्त जमलाय धागा. वाचनखूण साठवली.

व्हर्जिनियात तर हे अजून उघडंनागडं आहे. जेम्सटाउन १६०७, १०४ पुरुष आणि पोरं, बाई एक नाही, व्हर्जिनिया कंपनीने सोनं शोधायला पाठवलेले. त्यात 'जंटलमन' इतके की नांगर कोण धरणार हाच प्रश्न. जागा निवडली ती दलदलीतली, पाणी मचूळ. वर्ष संपायच्या आत चाळीसच्या आत उरले. पुढे माणसं येत गेली आणि १६०९-१० च्या हिवाळ्यात ५०० च्या आसपास होते त्यातले ६० एक वाचले. तिथे उत्खननात १४ वर्षांच्या एका मुलीची कवटी सापडली, त्यावर सुरीच्या खुणा आहेत, म्हणजे माणसांनी माणूस खाल्ला हे आता हाडावरूनच सिद्ध झालंय. असो, जेवताना वाचू नका.

कंपनी वाचवायला लंडनात लॉटरी काढली होती. खरंच, लॉटरी. आणि ह्या कंपनीचा खजिनदार कोण होता माहितीये का, सर थॉमस स्माइथ. हाच माणूस ईस्ट इंडिया कंपनीचा पहिला गव्हर्नर! सुरतेची वखार आणि जेम्सटाउनची लाकडी तटबंदी, दोन्हीचे कागद एकाच साहेबाच्या टेबलावरून गेलेत. सुरतेत नफा झाला, तिकडची कंपनी डबघाईला आली.

व्हर्जिनिया तगली ती तंबाखूवर. जॉन रॉल्फने १६१२ च्या सुमारास वेस्ट इंडीजकडचं गोड पानाचं बी लावलं (तिथल्या इंडियन सरदाराची मुलगी पोकाहाँटस, हाच तिचा नवरा). गंमत बघा, ज्या राजा जेम्सच्या नावाचं गाव, त्यानेच १६०४ मध्ये तंबाखूविरुद्ध पुस्तिका लिहून ही सवय डोळ्याला ओंगळ, नाकाला नकोशी, मेंदूला घातक असं म्हटलं होतं. आणि गाव तंबाखूच पिकवतंय, अगदी रस्त्यातसुद्धा.

काडीपैलवान

म्हणजे धर्मबिर्म सब झूठ, सगळा धंदा. संपला धागा. चहा घ्या.

सईची_आई

@काडीपैलवान आलात का काडी घेऊन 😄

कृष्णाकाठ ताई, तुम्ही एक फार मजेशीर गोष्ट लिहिली नाहीत. प्लिमथवाले इंग्लंडहून थेट आलेच नव्हते! आधी अकरा-बारा वर्षं हॉलंडमध्ये लायडनला राहिले होते. तिथे त्यांना धर्माचा काही त्रास नव्हता, कुणी विचारायलाही येत नव्हतं तुम्ही कुठली प्रार्थना म्हणता म्हणून. मग का निघाले? तर कापडाच्या धंद्यात राबून पाठी मोडल्या हे एक, स्पेनशी पुन्हा लढाई पेटेल ही भीती दुसरी, आणि तिसरं आणि मुख्य, मुलं डच व्हायला लागली! डच बोलायला लागली, डच पोरांच्या नादी लागली, आता आपली भाषा जाणार आणि आपलं इंग्रजपण जाणार ह्या धास्तीने ह्यांनी बोजाबिस्तरा गुंडाळला. हे त्यांच्याच लिखाणात आहे.

मी दर रविवारी पाऊण तास गाडी चालवून लेकीला मराठी शाळेत सोडते आणि ती तिथे मैत्रिणींशी इंग्लिशमध्ये बोलते. मला त्या बायकांबद्दल इतकं वाटलं ना हे वाचून. आपण निदान अटलांटिक तरी ओलांडत नाही.

धुळेकर

लेख छान. पण सगळ्यांच्या प्रतिसादात जमीन रिकामी पडल्यासारखी आहे, जहाज आलं, उतरले, वसले. प्लिमथ म्हणजे आधीचं पटक्सेट गाव, तिथे शेतं होती, मका होता. १६१६ ते १६१९ ह्या काळात युरोपियन खलाशांकडून आलेल्या साथीत त्या किनाऱ्यावरची गावंच्या गावं मेली. म्हणून ह्यांना आयती साफ केलेली जमीन मिळाली आणि ही देवाची कृपा असं ह्यांनी लिहून ठेवलं.

टिस्क्वाँटमची गोष्ट वाचा. पटक्सेटचाच माणूस. १६१४ मध्ये एका इंग्रज कप्तानाने फसवून पळवला, स्पेनमध्ये मालागाला गुलाम म्हणून विकायला नेला, तिथून कसाबसा सुटून लंडनला पोचला, इंग्रजी शिकला, १६१९ मध्ये परत आला तर गावात कोणीच नाही. आईबाप नाही, शेजारी नाही, कवट्या. दीड वर्षाने त्याच्या गावात हे लोक येऊन घरं बांधतायत आणि हा त्यांना मक्याच्या आळ्यात मासे पुरायला शिकवतोय. थँक्सगिव्हिंगच्या गोष्टीत हा हसतमुख दुभाषी असतो. त्याच्या मनात काय असेल ह्याचा विचार करून मला झोप आली नव्हती त्या रात्री.

आणि विचारांचं म्हणाल तर विन्थ्रॉपचा विचार हा पण होता की ज्या जमिनीला कुंपण नाही, ज्यावर गुरं बांधलेली नाहीत, ती मोकळी, ज्याने कसली त्याची. आमच्या सातपुड्यात भिल्ल-पावरांच्या वनजमिनीबद्दल साहेबाने जवळपास हेच म्हटलं, फक्त दोनशे-अडीचशे वर्षांनी. १६३७ ला मिस्टिक नदीकाठच्या पिक्वॉट जमातीच्या गावाला इंग्रजांनी पहाटे आग लावली, बाहेर पडेल त्याला मारलं, शेकड्यांनी माणसं, बायकापोरांसकट. ज्या वॅम्पनोआग सरदार मॅसॅसॉइटने १६२१ मध्ये प्लिमथशी तह करून ह्यांना जगवलं त्याच्या मुलाचं, मेटाकॉमचं, मुंडकं १६७६ मध्ये त्याच प्लिमथमध्ये खांबावर टांगलं आणि वर्षानुवर्षं तिथेच ठेवलं. दगडाशेजारी त्याचीही पाटी हवी.

कृष्णाकाठ

धुळेकर काका, दंडवत. पाटी आहे हो, वॅम्पनोआग लोकांनी १९७० पासून थँक्सगिव्हिंगच्या दिवशी तिथेच टेकडीवर शोकदिवस पाळायला सुरुवात केली, त्याची एक आणि मेटाकॉमची एक. आम्ही घाईत बघितली आणि पुढे गेलो हे आता लाजच वाटतेय लिहायला.

@काडीपैलवान, नाही हो, धंदाच असता तर विन्थ्रॉपसारखा माणूस आलाच नसता. सफोकमध्ये त्याची वडिलोपार्जित जहागीर होती, वकिली होती. नुसता पैसा हवा होता त्यांनी बार्बाडोसची वाट धरली. मॅसॅच्युसेट्सला १६३० च्या दशकात साधारण २०,००० लोक आले, बरेचसे सहकुटुंब, खाऊनपिऊन सुखी, आणि ते आले ते आपला समाज देवाशी केलेल्या करारावर उभा आहे ह्या विश्वासाने. करार मोडला तर देव सगळ्या गावाला शिक्षा करणार, एकट्यादुकट्याला नाही. म्हणून शेजाऱ्याच्या घरात काय चाललंय ते बघणं हे कर्तव्य! टेकडीवरचं नगर हे विन्थ्रॉपचं प्रवचन आताचे पुढारी अभिमानाने वापरतात, पण मूळ सूर बघा, सगळ्या जगाचे डोळे आपल्यावर आहेत, चुकलो तर जगभर छी-थू होईल. धास्ती आहे ती.

आणि ह्याच करारातून एक चांगली गोष्ट निघाली. प्रत्येकाने बायबल स्वतः वाचलं पाहिजे, मधे भटजी नको. म्हणून १६४७ चा कायदा, ५० घरांच्या गावाने मास्तर ठेवायचा, १०० घरं झाली की लॅटिनची शाळा काढायची. कायद्यात कारण काय दिलंय तर सैतान लोकांना अडाणी ठेवून बायबलपासून लांब ठेवतो म्हणून! हार्वर्ड त्याच्याही आधीचं, १६३६. गाव वसून जेमतेम सहा वर्षं झाली आणि कॉलेज.

पण मतदार कोण? १६३१ पासून चर्चचा पक्का सभासद पुरुष फक्त. नाताळ साजरा केला तर ५ शिलिंग दंड (१६५९, कारण बायबलमध्ये नाताळ नाही), आणि मेरी डायर नावाच्या क्वेकर (एक वेगळा ख्रिस्ती पंथ) बाईला १६६० मध्ये बॉस्टनला फाशी दिलं, गुन्हा एवढाच की हद्दपार केल्यावर परत परत येत राहिली.

कोर्टकचेरी

वकिली खाज म्हणून थोडं. ही सर्वसाधारण सभा दोन सभागृहांची कशी झाली माहीत आहे का? डुकरामुळे. शर्मन नावाच्या गरीब बाईची डुकरीण हरवली, तिचं म्हणणं पडलं की कीन नावाच्या श्रीमंत व्यापाऱ्याने ती स्वतःची म्हणून कापली. खालच्या कोर्टात कीन जिंकला, वर उलट तिच्याकडूनच नुकसानभरपाई मिळवली. प्रकरण जनरल कोर्टात गेलं, तिथे गावोगावच्या प्रतिनिधींचा कल बाईकडे, आणि असिस्टंट म्हणजे बडी मंडळी कीनकडे, नुसतं डोकी मोजून निकाल द्यायचा की बड्यांना नकाराधिकार, ह्यावर वर्षानुवर्षं भांडण, शेवटी १६४४ मध्ये दोघांनी वेगळं बसायचं ठरलं. लोक माँतेस्क्यू वगैरे फ्रेंच विचारवंत काढतात, इथे डुकरीण आहे. आमच्या तालुका कोर्टात बांधाची केस तीन पिढ्या चालते त्यातून असं काही निघालं नाही अजून.

आता कडू भाग. व्हर्जिनियात ३० जुलै १६१९ ला जेम्सटाउनच्या चर्चमध्ये निवडून आलेल्या प्रतिनिधींची पहिली सभा भरली. त्याच ऑगस्टच्या शेवटी पॉइंट कम्फर्टला एक जहाज लागलं आणि त्यावरची 'वीस आणि काही' आफ्रिकन माणसं धान्यापाण्याच्या बदल्यात दिली गेली. त्या आकड्याच्या नोंदीत नेमकी संख्यासुद्धा लिहायची गरज वाटली नाही त्यांना. महिनाभराचं अंतर आहे दोन्हीत.

सुरुवातीला सगळं गुलामगिरीवर नव्हतं. भाडं भरायला पैसे नसलेला इंग्रज पोरगा चार ते सात वर्षं बांधील राहून राबायचा, आणि जो त्याचं भाडं भरेल त्याला माणशी ५० एकर जमीन. म्हणजे माणूस आणला की जमीन. (ह्याच जमिनीच्या नोंदींत सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात एक 'टोनी, ईस्ट इंडियन' पण सापडतो, बहुधा आपल्याच बाजूचा कोणीतरी दर्यावरचा गडी, कुठल्या बंदरातून गेला कोण जाणे.) पण मुदत संपलेले, जमीन न मिळालेले, हातात बंदूक असलेले गोरे गरीब वाढले, १६७६ मध्ये बेकनच्या बंडात गोरे-काळे मजूर एकत्र आले आणि जेम्सटाउन जाळलं. त्यानंतर मळेवाल्यांचा कल कायमच्या गुलामांकडे झपाट्याने वळला.

कायद्याने कसं केलं ते बघा. इंग्लंडात मूल बापाचं. व्हर्जिनियाने १६६२ मध्ये ठराव केला, मूल आईच्या दर्जाचं. म्हणजे मालकाने गुलाम बाईवर केलेल्या बळजबरीतून झालेलं मूल मालकाचीच मालमत्ता. एक ओळ. त्या एका ओळीवर पुढची दोनशे वर्षं. ह्यालाही 'विचार'च म्हणायचं, आणि हा त्याच निवडून आलेल्या सभेने केलेला आहे.

सईची_आई

बाप रे. 😞

मंजिरी_क्वीन्स

ह्या जड प्रतिसादानंतर थोडा श्वास घ्या. न्यूयॉर्कवाल्यांनो, फ्लशिंगच्या गणपतीला जाता ना? दर्शन कमी आणि खालच्या कँटीनचा डोसा जास्त असे आपण सगळे. देऊळ कुठल्या रस्त्यावर आहे? बाउन स्ट्रीट. कधी विचार केलात हा बाउन कोण?

डचांचं न्यू ॲम्स्टरडॅम होतं तेव्हा गव्हर्नर स्टायव्हसंट, लाकडी पायाचा, भयंकर कडक. क्वेकरांना कोणी घरात घेतलं तर दंड. १६५७ मध्ये फ्लशिंगच्या तीसेक गावकऱ्यांनी, ज्यातला एकही क्वेकर नव्हता, त्याला अर्ज लिहिला की आम्ही कुणाला घालवणार नाही, क्वेकर असो की ज्यू की तुर्क, जो सज्जनपणे येईल त्याला दार उघडं. सह्या करणाऱ्यांना तुरुंग दाखवला. पुढे जॉन बाउनने आपल्या स्वैपाकघरात क्वेकरांना बसू दिलं म्हणून १६६२ मध्ये त्याला पकडून हद्दपार केलं. हा पठ्ठ्या ॲम्स्टरडॅमला जाऊन वसाहतीच्या मालक डच वेस्ट इंडिया कंपनीपुढे उभा राहिला आणि केस जिंकून परत आला. त्याचं घर अजून आहे, त्याच रस्त्यावर, देवळापासून चालत जाता येतं. मी पंधरा वर्षं त्या रस्त्यावर पार्किंग शोधतेय आणि मला हे गेल्या वर्षी कळलं.

आणि कृष्णाकाठ, तुझ्या बाबांना हे नक्की सांग. १६५४ मध्ये ब्राझीलहून २३ ज्यू निर्वासित आले, स्टायव्हसंट म्हणाला हाकला. कंपनीने कळवलं, राहू दे, कारण आपल्या कंपनीत ज्यूंचे बरेच शेअर आहेत. धर्मस्वातंत्र्य आलं ते भागधारकांच्या यादीतून!

कृष्णाकाठ

सांगितलं. बाबा म्हणाले, "मायनॉरिटी शेअरहोल्डरचे हक्क." दिवसभर खूश आहेत.

खारा_वारा

आम्ही ऱ्होड आयलंडचे, सगळ्यात छोटं राज्य, आमचं कोणी नाव घेत नाही म्हणून मीच घेतो. रॉजर विल्यम्स. सेलमचा पाद्री, प्युरिटन म्हणजे बॉस्टनवाल्यांच्याच पंथाचा, उलट जास्तच कडक प्युरिटन. त्याचं म्हणणं असं की जबरदस्तीने केलेली प्रार्थना देवाच्या नाकाला घाण येते, सबब सरकारने माणसाच्या श्रद्धेत हात घालू नये. नास्तिक होता म्हणून सरकार आणि चर्च वेगळे करा असं म्हणाला नाही, चर्चची बाग सरकारच्या रानाने बिघडू नये म्हणून मधे भिंत हवी असं म्हणाला. पुढे हीच भिंत मागणाऱ्या राष्ट्राध्यक्ष जेफरसनच्या दीडशे वर्षं आधी. आणि दुसरं त्याहून वाईट (बॉस्टनच्या दृष्टीने) म्हणाला, ही जमीन इंडियनांची (म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांची) आहे, राजाची नव्हे, तर राजाने सनद दिलीच कशी? म्हणजे धुळेकर काकांचा मुद्दा तेव्हाही एक जण मांडत होता बरं का.

१६३५ ला हद्दपारीचा हुकूम, १६३६ च्या जानेवारीत पकडायला येतायत हे कळल्यावर बर्फातून चालत निघाला, इंडियनांनी आसरा दिला, नॅरागॅन्सेट सरदारांकडून जमीन घेऊन प्रॉव्हिडन्स वसवलं. त्यांची भाषा शिकून १६४३ मध्ये तिच्यावर पुस्तक छापलं. मग बॉस्टनने हाकललेला प्रत्येक जण इकडे, ॲन हचिन्सनबाई आल्या, क्वेकर आले, ज्यू आले. बाकीच्या वसाहती आम्हाला गटार म्हणायच्या. १६६३ ची राजाची सनद आहे त्यात धर्माच्या मतभेदासाठी कुणालाही त्रास द्यायचा नाही असं सरळ लिहिलंय, त्याला 'जिवंत प्रयोग' म्हटलंय.

काडीपैलवान

म्हणजे एक तरी हिरो सापडला म्हणायचा. की ह्याचंही काही आहे?

खारा_वारा

आहे ना. मेटाकॉमच्या त्या १६७६ च्या लढाईत प्रॉव्हिडन्स जळालं, विल्यम्सचं घरही गेलं, आणि नंतर कैद झालेल्या इंडियनांना ठरावीक वर्षांच्या वेठीला विकायची जी कमिटी होती तिच्यावर हाच म्हातारा होता. ज्यांची भाषा शिकला त्यांनाच. आणि पुढच्या शतकात आमच्या न्यूपोर्टची जहाजं रम घेऊन आफ्रिकेला जायची आणि माणसं भरून यायची. मी लपवत नाही.

भटक्या_०७

सनदांचा विषय निघालाय तर मुंबईकरांसाठी एक. ही १६६३ ची सनद देणारा राजा दुसरा चार्ल्स. त्यालाच पोर्तुगीज राजकन्येच्या लग्नात मुंबई मिळाली. १६६८ मध्ये त्याने मुंबई ईस्ट इंडिया कंपनीला दिली, वर्षाला १० पौंड भाडं, सोन्यात, ३० सप्टेंबरला. १६६४ मध्ये न्यू ॲम्स्टरडॅम डचांकडून घेऊन भावाला दिलं, ते न्यूयॉर्क. १६८१ मध्ये विल्यम पेनच्या मेलेल्या बापाचं १६,००० पौंडांचं देणं होतं ते फेडायला पेनसिल्व्हेनिया दिलं, भाडं वर्षाला दोन बीव्हरची कातडी, विंडसरच्या किल्ल्यावर पोचती करायची. पेन बिचारा नुसतं 'सिल्व्हेनिया' म्हणत होता, राजाने त्याच्या बापाचं नाव पुढे चिकटवलं.

आणि बाबांसाठी खास, मुंबईच्या सनदेत ती जमीन 'ईस्ट ग्रिनिच जहागिरीच्या रीतीने' धरायची असं लिहिलंय. १६०६ च्या व्हर्जिनियाच्या सनदेत हेच शब्द. केंटमधल्या एका जहागिरीच्या कुळकायद्याने कागदोपत्री जेम्सटाउन आणि माझगाव-माहीम एकाच खात्यावर!

कोर्टकचेरी

हे भारी आहे. मसुदा तोच, फक्त गावाचं नाव बदलायचं. आम्हीही तेच करतो.

नगरी_ठसका

उशिरा आलो, पण इतका वेळ कोणीच नगर काढलं नाही म्हणजे काय? कृष्णाकाठ ताईंनी १६४७ चा शाळांचा कायदा लिहिला, प्रत्येकाला वाचता आलं पाहिजे तो. ह्याच न्यू इंग्लंडच्या (म्हणजे बॉस्टनच्या आसपासच्या राज्यांतल्या) चर्चवाल्यांच्या वंशजांनी मॅसॅच्युसेट्समध्ये मिशनची संस्था काढली आणि त्यांची माणसं फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरली. कंपनी सरकार त्यांना परत पाठवायला बघत होतं. गॉर्डन हॉल मुंबईत मराठी शिकला. हेच ते अमेरिकन मराठी मिशन. पुढे नगरला ठाण मांडलं, १८४२ ला ज्ञानोदय हे नियतकालिक सुरू केलं.

त्यांच्यात मिस फरार म्हणून एक बाई, न्यू हॅम्पशरच्या, १८२७ मध्ये मुंबईला आल्या, लग्न नाही काही नाही, जन्मभर मुलींना शिकवलं, शेवट नगरलाच. त्यांच्या नगरच्या मुलींच्या शाळा जोतीराव बघून गेले आणि मग १८४८ ला पुण्यात मुलींची शाळा निघाली. सावित्रीबाईंचं अध्यापनाचं शिक्षण फरारबाईंकडे झालं. सगळं श्रेय मिशनला असं मी म्हणत नाही, फुल्यांची आग फुल्यांची. पण पोरींना वाचायला आलंच पाहिजे हा जो हट्ट, तो बॉस्टनच्या त्या नाताळ बंद करणाऱ्या खडूस लोकांकडून असा फिरत फिरत आमच्या गावात आला. आणि १८७३ ला जोतीरावांनी 'गुलामगिरी' अर्पण केलं ते अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना. कोर्टकचेरी साहेबांची ती १६६२ ची ओळ आणि हे, दोन्ही एकाच देशाचं.

माझ्या आजीची आई मिशनच्या शाळेत चौथी शिकली होती. घरात पहिली.

कृष्णाकाठ

नगरी_ठसका, हा प्रतिसाद मी आईला मोठ्याने वाचून दाखवला. ती नगरची माहेरवाशीण, हे इथे लिहायचं राहिलंच होतं. ती म्हणाली, "फरारबाईंच्या शाळेवरून मी रोज जायचे, मला वाटायचं कुणीतरी पळून गेलेली बाई असेल."

सईची_आई

😂😂 फरार!

बरं, आम्ही पुढच्या शनिवारी प्लिमथला जातोय, सासूबाईंना गुडघ्याचा त्रास आहे, चालावं किती लागतं?

कृष्णाकाठ

दगड अगदी रस्त्यालगत आहे, चार पावलं. सासूबाईंना मंडपाजवळच्या बाकावर बसवा आणि तुम्ही पायऱ्या चढून समोरच्या टेकडीवर जा, मॅसॅसॉइटचा पुतळा आणि शोकदिवसाची पाटी तिथे आहे. मग गाडीने पाच मिनिटांवर ते जुनं गाव उभं केलंय ना, तिथल्या वॅम्पनोआग भागात निवांत वेळ काढा, तिथे जे समजावून सांगतात ते मूळ रहिवाशांपैकी असतात, बहुतेक वेळा. जाताना डबा न्या, किनाऱ्यावर खाणं महाग आहे. आणि लेकीला लायडनची गोष्ट गाडीत सांगा, मराठीतून.